अनुशेषाचा न्याय

एका प्रदेशात गोळा झालेला कर सरकार दुसऱ्या प्रदेशात खर्च करते, तेव्हा त्या व्यवहाराबद्दल दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. या खर्चाने मागे पडलेला प्रदेश खरोखर पुढे सरकतो का आणि एकूण उत्पन्नाच्या वाढीवर त्याचा काय परिणाम होतो, हा पहिला. तो अर्थशास्त्राचा आहे आणि त्यावर आकडे घेऊन भांडता येते. दुसरा नीतिशास्त्राचा: असे घेण्याचा आणि देण्याचा अधिकार कुठून येतो? घेणारा हक्काने घेतो, उपकार म्हणून घेतो, की जुने येणे वसूल करतो? महाराष्ट्रात पहिल्या प्रश्नावर समित्यांचे अहवाल कपाटे भरून आहेत. दुसऱ्याचे उत्तर बहुधा गृहीत धरले जाते, आणि गृहीत धरलेली ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.

करामागचा सर्वांत जुना तर्क मोबदल्याचा आहे. प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा राजाने घ्यावा आणि तिचे रक्षण करावे, असे धर्मसूत्रे सांगतात. बौधायनाच्या लेखी हा षड्भाग म्हणजे राजाचे वेतनच. वेतन म्हटले की देणे-घेणे तिथल्या तिथे मिटते. ज्याने दिले त्याला रक्षण मिळाले. तिसऱ्याचा संबंध उरत नाही. या तर्कात पुनर्वाटपाला जागा नाही. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात दिलीप राजाबद्दल वेगळी कल्पना मांडली. राजा प्रजेच्या कल्याणासाठीच कर घेई, जसा सूर्य हजारपटीने परत देण्यासाठी पाणी शोषून घेतो. इथे कर हा मोबदला राहिलेला नाही. पण पाणी ज्या भूमीतून उचलले तिच्यावरच पाऊस पडावा का, हे कालिदास सांगत नाही. प्रजा एकसंध मानली की हा प्रश्न उठतच नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत राहणाऱ्या वाचकाला मात्र तो लगेच सुचावा.

कौटिल्य अधिक व्यवहारी आहे. ‘अर्थशास्त्रा’च्या चौथ्या अधिकरणात दुष्काळावरचे उपाय येतात. राजाने बियाणे आणि अन्न पुरवावे, अन्नाच्या बदल्यात तटबंदीची व बंधाऱ्यांची कामे काढावीत, मित्रराजाचा आश्रय घ्यावा, किंवा जिथे पीक आले आहे अशा मुलखात प्रजेसह जावे. सधनांकडून पिळून घेण्याचा उपायही काही भाष्यकार त्या सूत्रांत वाचतात. आजच्या प्रादेशिक धोरणाचा मूळ पेच या यादीत उघड दिसतो: साधने माणसांकडे न्यायची, की माणसांना साधनांकडे जाऊ द्यायचे? कौटिल्य दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने वाचवायची आहे ती प्रजा. मुलूख नंतर.

मराठी मनाला अधिक जवळची कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आहे. परंपरा सांगते की, बेदरच्या बहामनी बादशहाच्या चाकरीत असलेल्या या अधिकाऱ्याने दुर्गादेवीच्या दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडली, आणि शिक्षेची वेळ आली तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बेदरला जाऊन धान्याची पुरी किंमत भरली. कथेचा हा दुसरा भाग कीर्तनांत भक्तीच्या अंगाने रंगतो. न्यायाच्या अंगाने तो फारसा कोणी पाहत नाही. भुकेल्यांना अन्न देणे पुण्याचे होते, याबद्दल कथेला शंका नाही. तरीही खजिन्याची भरपाई झाल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. कोठारातले धान्य बादशहाचे, हे तिने मान्य केलेले आहे. ते धान्य पिकवणाऱ्यांचाच त्यावर काही हक्क होता का, हा प्रश्न ती विचारत नाही. म्हणूनच तिला देवाची गरज पडते: हक्क मान्य नसला की वाटपाला दया तरी लागते किंवा चमत्कार.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात महात्मा फुल्यांनी विचारला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेकडून येतो आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. पुढच्याच वर्षी लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतसारा, लोकलफंड आणि पट्ट्यांचा हाच हिशेब अधिक तिखट शब्दांत आला. पुनर्वाटप ही कल्याणकारी राज्याने नव्याने आणलेली गोष्ट आहे, हा समज यातून मोडतो. राज्य नेहमीच एकाचे घेऊन दुसऱ्याला देत आलेले असते. वाद दिशेचा असतो. शंभर वर्षांनंतर शरद जोशींनी याच सूत्राला ‘उणे सबसिडी’चे नाव दिले. शेतमालाचे भाव पाडून सरकार जेवढे काढून घेते, त्यातला थोडा भाग योजनांच्या रूपाने परत करते, असे त्यांचे म्हणणे. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी त्याच्या जवळचे उदाहरण. हमी देण्यासाठी आणलेल्या त्या योजनेने विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर विकण्याची मोकळीक ठेवली नाही; बाहेर भाव चढे असले तेव्हा ही हमीच त्याच्यावरचा बोजा ठरली. अर्थसंकल्पात मात्र असा बोजा कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या वादाची दोन टोके तीन वर्षांच्या अंतराने मांडली गेली. जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये म्हटले की, आपण समाजात कुठे जन्मणार हे माहीत नसताना माणसे जे नियम निवडतील ते न्याय्य, आणि विषमता समर्थनीय ठरते ती सर्वांत खालच्यांचे त्यात भले होत असेल तरच. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये उत्तर दिले की, न्याय्य मार्गाने मिळवलेल्या संपत्तीचे पुढे कसेही वाटप झाले तरी ते न्याय्यच. सक्तीने घेऊन दुसऱ्याला देणे ही वेठ. रॉल्स यांची जन्मस्थानाची अट प्रदेशालाही सहज लावता येते. मेळघाटात जन्मायचे की मलबार हिलवर, हे कोणाच्या कर्तृत्वाचे फळ नाही. पण दोघांच्याही विचारात हक्काचा धनी व्यक्ती आहे. प्रदेशाला भूक लागत नाही, प्रदेश शाळेतून गळत नाही. मग ‘मराठवाड्यावर अन्याय झाला’ या वाक्याचा अर्थ काय लावायचा?

अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात समता कशाची मोजायची हा प्रश्न विचारला, आणि त्यातून या वाक्याला अर्थ देण्याची एक वाट निघते. तेवढ्याच रुपयांत दोन माणसांना तेवढीच मोकळीक मिळत नाही, कारण पैशाचे रूपांतर जगण्यात होताना शरीर, समाज आणि परिसर आडवे येतात. बारमाही पाण्याच्या गावातल्या पाच एकरांना आणि टँकरवर जगणाऱ्या गावातल्या पाच एकरांना सातबाऱ्यावर एकच माप असते. त्यांतून उभे राहणारे आयुष्य एक नसते. रस्ता, कालवा, दवाखाना, महाविद्यालय या गोष्टी व्यक्तीच्या खिशात घालता येत नाहीत, त्या जागेवरच असाव्या लागतात. म्हणून न्याय मागणारा माणूस असला, तरी त्याच्या वंचनेचे कारण जागेत असू शकते. प्रदेश हा हक्काचा धनी नव्हे. तो वंचनेचा पत्ता आहे. हा फरक सूक्ष्म वाटतो, पण महाराष्ट्रातल्या सत्तर वर्षांच्या वादातले बरेचसे गोंधळ तो न पाळल्यामुळे झालेले आहेत.

महाराष्ट्र घडण्यापूर्वीच हा वाद सुरू झाला होता. १९४८ साली भाषावार प्रांतांचा विचार करणाऱ्या दार आयोगाला दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवू पाहणाऱ्यांचे आक्षेप एकेक घेऊन खोडले. त्यांतला एक असा होता की, महाराष्ट्रीयांना मुंबई हवी आहे ती तिच्या शिलकीवर जगण्यासाठी. आक्षेप घेणाऱ्यांनी शहराची शिल्लक ही शहराचीच मालमत्ता, हे गृहीत धरले होते. बंदरामागचा मुलूख, तिथून आलेले मजूर आणि माल यांना त्या हिशेबात स्थान नव्हते. १९५५ मध्ये आंबेडकरांनीच मराठी मुलखाची मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व अशी चार राज्ये सुचवली. एका भाषेच्या मोठ्या राज्यात पुढारलेला भाग मागासलेल्याची कदर करीलच, असा भरवसा त्यांना नव्हता.

तो भरवसा लेखी देण्याचा प्रयत्न २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर आदी नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरात, ही कलमे सर्वांना ठाऊक असतात. पैशाच्या वाटपाचे कलम अधिक विचार करण्याजोगे आहे. निधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावे; मराठवाडा अविकसित असल्याने त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे; हे सारे एका शासनाच्या गरजांना अधीन राहून व्हावे; आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा. एकाच कलमात न्यायाची तीन तत्त्वे बसवली आहेत. माणशी सारखे हे पहिले, गरजेप्रमाणे हे दुसरे, आणि सगळ्या राज्याचे हित हे तिसरे. तिन्हींचा संघर्ष झाला तर कोणते वरचढ, हे लिहिलेले नाही. तडजोडीच्या कागदावर असे मौन बहुधा जाणूनबुजून ठेवलेले असते.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद आणली. राज्याच्या निर्मितीनंतर ती कलम ३७१(२) म्हणून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांना लागू राहिली. विकासखर्चासाठी निधीचे न्याय्य वाटप करण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल, मात्र संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन, अशी तिची रचना. राष्ट्रपती ‘करू शकतील’ अशा भाषेतली ही तरतूद प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. अडतीस वर्षे घटनेतले एक वचन ऐच्छिक राहिले. मागास भागांत दुरावा वाढायला वेगळे कारण शोधायची गरज नाही.

मधल्या काळात प्रश्नाला आकडा मिळाला. १९८३ साली वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती खाली आहे हे मोजले आणि ती तूट भरून काढायला लागणारा खर्च काढला. हा अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर गेला. सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. विदर्भाकडे त्यातले सुमारे ३९ टक्के आले, मराठवाड्याकडे २४ टक्क्यांच्या आसपास. उरलेले ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचे निघाले, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवले जात होते त्याच विभागाचे. माण, जत, आटपाडी, सांगोल्याच्या कोरड्या तालुक्यांत आणि कोकणात जाऊन आलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटले नसते. विदर्भात मात्र हा आकडा अनेकांना आपली तक्रार पातळ करणारा वाटला. दांडेकरांनी केले ते एवढेच, की प्रदेशाला तक्रारदार न मानता जिल्हा हे मोजमाप मानले. जिल्ह्याऐवजी तालुका घेतला असता तर चित्र आणखी विस्कटले असते, आणि सत्याच्या अधिक जवळ गेले असते.

या पद्धतीतही दोष होतेच. सरासरी ही स्वतः हलणारी रेघ आहे. खालच्या जिल्ह्यांना सरासरीपर्यंत आणले की सरासरीच वर जाते, आणि वरचे जिल्हे थांबून राहत नाहीत ते वेगळेच. विकास मंडळे स्थापन झाल्यावर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने एप्रिल १९९४ च्या स्थितीवर नव्याने मोजणी केली, तेव्हा अनुशेष सुमारे १४ हजार कोटी रुपये निघाला. किमती वाढल्या, क्षेत्रे वाढली, हे खरे. पण दहा वर्षे भरत आणलेली तूट चौपटीहून मोठी निघते, तेव्हा मापाचीही तपासणी करावी लागते. शिवाय मोजली जात होती ती साधने: रस्त्याचे किलोमीटर, सिंचनाचे हेक्टर. त्या रस्त्याने कोण कुठे पोचले, हे अनुशेषाच्या तक्त्यात येत नाही.

खरा पेच त्याहून खोल आहे. अनुशेषाची भाषा कर्जाची आहे, आणि कर्जाचे नीतिशास्त्र गरजेच्या नीतिशास्त्राहून वेगळे चालते. अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’मध्ये वाटपाचा न्याय आणि दुरुस्तीचा न्याय असे दोन प्रकार वेगळे केले. दुरुस्तीत एकाने दुसऱ्याचे जेवढे घेतले तेवढे परत करायचे असते; कोण गरीब, कोण श्रीमंत हे पाहायचे नसते. वाटपात पात्रता आणि प्रमाण पाहायचे असते. महाराष्ट्रात दोन्हींची गल्लत झाली. करारात कबूल केलेला वाटा दिला गेला नाही, ही तक्रार दुरुस्तीची आहे. ती खरी असेल तिथे रक्कम परत करणे हे वचनपालन आहे, उपकार नव्हे. पण गडचिरोलीचा दुर्गम तालुका मागे आहे तो कोणी त्याचे पैसे पळवले म्हणूनच, असे म्हणता येत नाही, आणि तसे सिद्ध करता आले नाही म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही. तिथल्या माणसाची गरज पुरेशी आहे. कर्जाच्या भाषेचा एक तोटा ठळक आहे: येणे वसूल झाले की ते विभागाच्या नावावर जमा होते, आणि नागपूर शहरात खर्च झालेला रुपयाही विदर्भालाच मिळालेला धरला जातो. कर्जाची भाषा राजकारणाला मानवते ती याच कारणाने. विभागाचे पुढारी विभागाच्या वतीने पावती देऊ शकतात. गरज मात्र माणसागणिक तपासावी लागते.

आता वाढीचा प्रश्न. पुढारलेल्या भागातून पैसा काढला तर सोन्याची अंडी देणारी कोंबडीच मरेल, हा युक्तिवाद मुंबईत वरचेवर ऐकू येतो. त्याला सैद्धांतिक आधार नाही असे नाही. जेफ्री विल्यमसन यांनी १९६५ मध्ये दाखवले की, विकासाच्या सुरुवातीला प्रादेशिक विषमता वाढते आणि पुढच्या टप्प्यावर ओसरते. घाईने हस्तक्षेप केला तर वाढच मंदावेल, असा निष्कर्ष त्यातून काही जण काढतात. गुन्नार मिर्डाल यांचे १९५७ चे म्हणणे उलट होते. वाढणारे केंद्र आसपासचे भांडवल, कुशल माणसे आणि बाजार स्वतःकडे ओढत राहते, आणि तसेच सोडले तर दरी आपोआप मिटत नाही, रुंदावते. दोन्ही चित्रे महाराष्ट्रात सापडतात. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६४ पासून मागास तालुक्यांतील उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. त्यानंतर नाशिक आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योगांनी भरले. पण सवलती मिळूनही कारखाने बहुधा जिथे रस्ते, वीज आणि मोठे शहर जवळ होते तिथेच थांबले. वाळूजची वसाहत मराठवाड्यात मोडते, म्हणून परभणी-हिंगोलीला काम मिळाले असे होत नाही.

वाढ झिरपण्याचा एक मार्ग सरकारने आखलेला नाही, तो म्हणजे स्थलांतर. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची घरे कित्येक दशके गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालली. कोणत्याही अर्थसंकल्पाविना झालेले ते मोठे पुनर्वाटप होते. माणसांना साधनांकडे जाऊ द्यावे, ही कौटिल्याची दुसरी वाट. पण बीडच्या ऊसतोड कामगारांकडे पाहिले की त्या वाटेची किंमत कळते. दरवर्षी काही महिने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या फडांत जाणाऱ्या जोडप्यांना उत्पन्न मिळते, मुलांची शाळा तुटते, आणि पाण्याचा भरपूर वापर करणाऱ्या दुसऱ्याच प्रदेशाच्या पिकाला त्यांचे श्रम लागतात. स्थलांतराचे स्वातंत्र्य खरे ठरायला राहण्याचाही पर्याय खरा असावा लागतो. जो राहूच शकत नाही म्हणून जातो, त्याच्या जाण्याला त्याची पसंती म्हणून मोजणारे अर्थशास्त्र हिशेबात बरोबर असेल. न्यायाबद्दल ते काही सांगत नाही.

दुसऱ्या बाजूने, साधने माणसांकडे नेण्यातही गळती होते. आर्थर ओकन यांनी १९७५ मध्ये पुनर्वाटपाची तुलना गळक्या बादलीशी केली: वाटेत काही सांडणारच, किती सांडणे परवडेल ते ठरवा. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत सुमारे ३७२ कोटी रुपये होती. १९८८ मध्ये पायाभरणी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित किंमत पुढे १८ हजार कोटींच्या वर गेली. प्रत्येक सुधारित अंदाजपत्रकासोबत विदर्भावर झालेला ‘खर्च’ वाढत गेला. शेतात पोचलेले पाणी त्या प्रमाणात वाढले नाही. बुडालेल्या गावांतल्या लोकांना या सगळ्याची वेगळी किंमत मोजावी लागली. लाभ विभागाच्या नावावर आणि तोटा त्याच विभागातल्या काही घरांच्या नावावर, हा प्रकार प्रदेशालाच हक्काचा धनी मानले की नजरेआड होतो. ओकन यांच्या प्रश्नात एक गोष्ट राहून जाते: सांडलेले पाणी कोणाच्या अंगणात गेले, हेही विचारायला हवे.

याच महाराष्ट्राने व्यक्तीला थेट धरणारे पुनर्वाटपही करून दाखवले आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरला वि. स. पागे यांनी केलेल्या प्रयोगातून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला गेला, आणि त्याच्या रकमेइतकी भर राज्याने घालायची असे ठरले. शहरातल्या पगारदाराच्या पगारपत्रकातून दरमहा थोडी रक्कम कापली जाई आणि दुष्काळी गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम मिळे. इथे विदर्भ की मराठवाडा, हा प्रश्न नव्हता. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला गरज आहे, हीच पारख होती. उणिवा पुष्कळ होत्या: हजेरीपटावरची खोटी नावे, अर्धवट सोडलेले पाझर तलाव. तरी नीतीच्या दृष्टीने तिची मांडणी अनुशेषाच्या मांडणीपेक्षा भक्कम होती, कारण हक्क माणसाचा होता आणि तो कायद्याने मागता येत होता. तिची मर्यादाही तिथेच आहे. काम मिळाले तरी तालुक्यात महाविद्यालय येत नाही. वंचनेचे कारण जागेत असते तिथे केवळ व्यक्तीला मजुरी देऊन भागत नाही. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने आपल्या २०१३ च्या अहवालात पाणी, आदिवासी भाग आणि पाणीटंचाईचे तालुके यांना वेगळे महत्त्व दिले, त्याचा अर्थ या अंगाने लागतो.

राज्याच्या सीमेबाहेर पाऊल टाकले की भूमिका उलटतात. वित्त आयोगाच्या वाटपात महाराष्ट्र देणारा आहे. पंधराव्या आयोगाने केंद्रीय करांतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना दिला, त्यातला १७.९ टक्के उत्तर प्रदेशाकडे, १० टक्क्यांहून थोडा अधिक बिहारकडे आणि ६.३ टक्के महाराष्ट्राकडे गेला. वाटपाच्या सूत्रात ४५ टक्के भार उत्पन्नातील अंतराला होता. आपण भरतो किती आणि मिळते किती, ही मुंबईतली तक्रार इथे नव्या जोमाने उभी राहते. तिची एक बाजू कच्ची आहे. कंपनीचे मुख्यालय मुंबईत म्हणून तिचा आयकर मुंबईत भरला जातो. कारखाना, खाण आणि ग्राहक देशभर असतात. पोलाद आणि कोळशाच्या वाहतुकीचे दर देशभर समान ठेवण्याचे धोरण १९५० च्या दशकापासून १९९३ पर्यंत राहिले, आणि खनिजाजवळ कारखाना काढण्याचा बिहारचा स्वाभाविक फायदा त्याने काढून घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या उद्योगांना त्याचा लाभ झाला. हे येणे धरले तर कोण कोणाचे देणे लागतो, याचा हिशेब सोपा राहत नाही.

तक्रारीची दुसरी बाजू पक्की आहे. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्याचा वाटा घटावा का? कर्नाटकाचा हिस्सा चौदाव्या आयोगात ४.७ टक्के होता तो पंधराव्यात ३.६ वर आला, केरळचा २.५ वरून १.९ वर. रॉल्स यांनी १९९९ च्या ‘द लॉ ऑफ पीपल्स’मध्ये असाच प्रश्न स्वतंत्र समाजांबद्दल विचारला होता आणि उत्तर दिले होते की, एका समाजाने जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांचा भार दुसऱ्यावर कायमचा टाकता येत नाही. पंधराव्या आयोगाने लोकसंख्येच्या कामगिरीला १२.५ टक्के भार दिला, ती या युक्तिवादाची अर्धी कबुली. पण राज्ये हे स्वतंत्र समाज नव्हेत. पूर्णियातल्या मुलीने तिच्या आजोबांच्या पिढीतल्या सरकारांची निवड केलेली नाही, आणि ती ज्या देशाची नागरिक आहे त्याच देशाचा केरळचा नागरिक आहे. जबाबदारीचे तत्त्व सरकारला लावता येते, अजाण नागरिकाला नाही. जी भूमिका पाटण्याला लावायची तीच यवतमाळला लावावी लागते, हेही इथे नोंदवायला हवे. मुंबईची शिल्लक विदर्भाला देणे न्याय्य मानणाऱ्याला महाराष्ट्राची शिल्लक बिहारला देणे तत्त्वतः अन्याय्य म्हणता येत नाही. प्रमाणावर भांडता येते. उलटही तेवढेच खरे, आणि स्वतंत्र विदर्भाच्या मागणीत हा मुद्दा क्वचितच पूर्णपणे विचारात घेतला जातो: वेगळे राज्य झाले तर मुंबईवरचा हक्क सुटतो आणि वित्त आयोगापुढचा उरतो.

शेवटी प्रश्न राहतो वाटप ठरवायचे कोणी, याचा. विधानसभेच्या २८८ जागांपैकी विदर्भाच्या ६२ आणि मराठवाड्याच्या ४६. उरलेल्या १८० एका बाजूला. निव्वळ बहुमताने ठरवायचे तर दोन विभाग मिळूनही हरतात. म्हणूनच घटनेने हा विषय निवडून न आलेल्या राज्यपालांकडे सोपवण्याची वाट ठेवली. लोकशाहीच्या दृष्टीने ती अडचणीची आहे, कारण कर ठरवणारे एक आणि खर्चाचे प्रमाण ठरवणारे दुसरे, असे होते. सिंचनाच्या निधीबाबत राज्यपालांनी दिलेले निर्देश आणि मंत्रिमंडळाचे अग्रक्रम यांत ताण दिसला तो यामुळेच. पण अल्पसंख्य प्रदेशाला बहुमताच्या मर्जीवर सोडणे हा त्यावरचा तोडगा नव्हे. नागपूर कराराने सुचवलेला मार्ग अधिक सौम्य होता: दरवर्षी अहवाल विधानसभेपुढे ठेवावा, म्हणजे बहुमताला आपल्या वाटपाची कारणे उघडपणे द्यावी लागतील. कलम ३७१(२) मध्येही प्रत्येक मंडळाच्या कामकाजाचा अहवाल दरवर्षी सभागृहात मांडण्याची तरतूद आहे, मात्र ती मंडळांच्या अस्तित्वाशी बांधलेली आहे. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि १०८ आमदारांना हिशेब मागण्याची ती एक ठरलेली जागा तिच्यासोबत गेली.